कोपर

चौथ्या रिळात, गाणं सुरू झाल्यावर सव्वा मिनिटानं,
डाव्या कोपऱ्यात एक कोपर दिसतं.

नायिका घाटावर गाते आहे.
तिथंच, तेव्हाच गाते आहे, कारण
आवाज मागाहून चिकटवायची सोय अजून यायची होती.
म्हणून पेटीवाला वृंदावनाच्या आड,
सारंगीवाला नावेत आडवा,
आणि तबलजी कमरेला तबला-डग्गा बांधून
कॅमेऱ्याच्या बाजूनं उलट पावली चालतो आहे.
चालता चालता चुकला. वीतभर.
तेवढंच त्याचं उरलं.

एकोणतीस वर्षं मी रिळं तपासते,
लॉ कॉलेज रस्त्यावरच्या एका थंड खोलीत.
हातात पांढरे सुती मोजे,
मेच्या दुपारीसुद्धा अंगात स्वेटर.
डबा उघडला की आंबूस वास येतो,
त्यावरून सांगते कुणाचे किती दिवस राहिलेत.
घरी लोणच्याची बरणी उघडतानाही दचकते.

परवा माणसं आली. हा सिनेमा पुन्हा करायचाय म्हणे.
निर्माते हडपसरचे, पैसा जमिनीतला, माणूस सज्जन,
माझ्या मोज्यांनाही नमस्कार केला.
बरोबर दोन दिग्दर्शक, कारण ठरत नव्हतं.
होनप म्हणाले, घाट संगणकात बांधू,
चारशे नर्तकी, पाण्यावर हजार दिवे, कॅमेरा आभाळातून खाली.
चारुता डोळस, वय असेल सव्वीस, म्हणाली,
गाणी काढूनच टाकू.
माणसं अशी मधेच गातात का?

गातात की.
आमच्या कँटीनचा सोपान कपबशा विसळताना
ओळ अर्धी सोडतो,
उरलेली दारावरचा वॉचमन उचलतो.
त्यांना कुणी कारण विचारत नाही.
पण मी हे बोलले नाही. मी रीळ लावलं.

कोपर आलं.
होनप हसले. हे आधी पुसू, चुटकीसरशी जातं.

नामावलीत त्याचं नाव नाही.
हिशेबाच्या वहीत आहे:
यासीन, तबला, रोज सव्वा रुपया, चहा ज्याचा त्याचा.
आणि त्याच पानावर, खाली, वेगळ्या शाईत:
घाटावर पडला, कोपरास मार, औषध दोन आणे.
म्हणून पाचव्या रिळात ठेका जरा मागं राहतो,
विचार करून वाजवल्यासारखा.
जाणकार त्याला दर्द म्हणतात.
मीही म्हणायची, वही सापडेपर्यंत.

निर्माते म्हणाले, बाई, तुम्हीच सांगा, कुणाला द्यावा?
एवढ्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.
मी म्हटलं, सातवं रीळ आमच्याकडे नाही.
कुणाकडेच नाही. शेवटी ती काय गाते
हे सांगणारं कुणी राहिलेलं नाही.
करायचंच तर सातवं करा.
बाकीचं आहे की अजून. थोडं आंबलंय.

सगळे हसले. मला वाटतं, विनोद समजून.
जाताना निर्माते म्हणाले, नव्या सिनेमात
आभारात तुमचं नाव टाकू, नक्की.
म्हणजे माझ्याही कोपराला गूळ लावून गेले.

चारुता मागं राहिली. परत दाखवता का, म्हणाली.
तीनदा मागं घेतलं.
चौथ्यांदा तिनं नायिकेकडे पाहिलंच नाही,
टेबलाच्या कडेवर तिची दोन बोटं
ठेक्याच्या किंचित मागं पडत होती.
गाणी ठेवू बहुतेक, ती म्हणाली.
मग पायऱ्या उतरताना, स्वतःशीच, पुन्हा:
बहुतेक.

डबा बंद केला. तपासणीचं कार्ड भरलं.
स्थिती: बरी. वास: वाढलाय.
ओरखडे, तुटक्या कडा, सांधे, सगळं लिहिलं.
दोषांच्या रकान्यात ते कोपर
मी अजून एकदाही लिहिलेलं नाही.